आमच्यासाठी काही करू नका!

...पण मुळात ब्लॉक चांगले होते हो! मोडलेले नव्हते, हलत नव्हते, पावसात पाय ठेवला की खालून पिचकारी मारत नव्हते... तुम्हाला सांगतो, पुण्यातल्या रस्त्यावर असे ब्लॉक म्हणजे लोकांनी लांबून बघायला यावं! आणि तेच उखडायचे? का? तर म्हणे आमच्या गल्लीची आर्थिक उभारी करायचीय! आता ज्यांची उभारी करायची ते श्यामसुंदर त्या वेळी गिरणीच्या दारात उभेच होते, चांगले ताठ, भुवयांपासून मिशांपर्यंत पीठ, हातात कुणाचा तरी ज्वारीचा डबा... त्यांनी विचारलं, "साहेब, उभा माणूस आणखी किती उभा करणार?"

पण थांबा, श्यामसुंदर कोण ते सांगायला हवं ना. कसबा पेठेत, आमच्या गल्लीच्या मध्यावर, पीठगिरणी आहे त्यांची. वडिलांची होती, आता त्यांची. माणूस सरळ. बोलणं कमी, कारण गिरणी चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही आणि बंद असताना बोलावंसं वाटत नाही. सरकारशी वैर म्हणाल तर अजिबात नाही. सरकार आपल्या जागी, गिरणी आपल्या जागी. कर भरायचा, पावती घ्यायची, नमस्कार!

तर मधली काही वर्षं त्यांची फार वाईट गेली. आधी ते सगळं बंद बंद चाललं होतं तेव्हा गिरणी बंद. मग उघडली, तर लोकांना पिशवीतल्या पिठाची सवय लागलेली. ते मोडून लोक परत यायला लागले, तर सरकारने पाइप टाकायला गल्ली खोदली. बुजवली. मग आत काहीतरी राहिलं म्हणून परत खोदली! डॉक्टरांचंसुद्धा होतं असं, नाही असं नाही, पण डॉक्टर निदान पेशंटला झोपवतात तरी! आता डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन खड्डे कोण ओलांडणार? शेवटी श्यामसुंदर बायकोला म्हणाले, "हेमा, या दिवाळीला चालली तर चालली. नाहीतर शटर ओढू आणि जागा देऊ मोबाइलवाल्याला." असं म्हणाले आणि छिन्नी-हातोडी घेऊन गिरणीच्या दगडाला टाकी लावायला बसले... म्हणजे बघा, बंद करायच्या गिरणीच्या दगडाला टाकी! माणसाचा जीव कुठे असतो ते कळतं की नाही?

आणि चालली की हो! हेमाताईंनी चकलीच्या भाजणीचं मनावर घेतलं. स्वतः धान्य धुऊन, वाळवून, भाजून, निम्मी पेठ त्या वासाने वेडी केली. गल्लीत माणूस शिरला की आधी नाक शिरायचं, मागून तो. बिबवेवाडीपासून बायका स्कूटरवर दोन पायांत डबे धरून यायला लागल्या. "अहो, आधी कुणाचं दळलंत? बाजरी? मग मी थांबते. गव्हानंतर माझं घाला!" हे वाक्य गिरणीत किती दिवसांनी ऐकू आलं म्हणून श्यामसुंदरांचे डोळे भरून आले. पीठ गेलं असेल म्हणाले.

आणि बरोब्बर तेव्हा, दसरा झाला आणि दिवाळी तोंडावर, सरकारला आमची आठवण झाली!

सकाळी बघतात तो रस्त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा. रेघांच्या मधोमध एक साहेब, हातात भला मोठा नकाशा. नाव रविराज. सुशोभीकरण कक्ष, येरवडा. आवाज असा गोड, की साखरेच्या पेशंटने इन्शुलिन घेऊनच ऐकावा.

"श्यामसुंदरजी, अभिनंदन! आपली गल्ली पारंपरिक व्यवसाय उभारी योजनेत बसलीय!"

"आम्ही कुठे बसवायला सांगितली?"

"सांगावं लागतच नाही! हेच तर वैशिष्ट्य आहे! हे ब्लॉक जाणार, काळा दगड येणार, नक्षीचे दिवे येणार... आणि इथे, बरोब्बर आपल्या दारासमोर, फायबरचं जातं! पुरुषभर उंचीचं! आत दिवे, बाजूला फोटो काढायला जागा!"

"जातं?"

"दळणाची परंपरा लोकांना कळायला नको?"

"अहो, मागे गिरणी आहे ना! खरी! चालू! त्यात दळतात!"

"तीच तर उभी करायचीय!"

"पण तुमचं जातं दारात बसलं तर डबा आत कुठून जाणार?"

साहेबांनी नकाशा उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला. म्हणाले, "ते दुसऱ्या टप्प्यात बघू."

"आणि पहिला टप्पा कधी संपणार?"

"तीन-चार महिने धरा ना."

म्हणजे दिवाळी गेली! भाजणी गेली! अहो, चकल्या काय शिमग्याला तळायच्या? श्यामसुंदरांनी डबा खाली ठेवला, दोन्ही हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकारकडे काहीतरी मागितलं. म्हणाले, "साहेब, एक उपकार करा. आमच्यासाठी काही करू नका!"

साहेब हसले. लहान मूल औषध नको म्हणतं तेव्हा हसतात ना, तसं.

मग काय, श्यामसुंदर निघाले अर्ज घेऊन. वाटेत शेजाऱ्याने हटकलं, "कुठे निघालात?" "येरवड्याला." "तुरुंगात की वेड्यांच्या इस्पितळात?" "अजून ठरलं नाही," श्यामसुंदर म्हणाले. "आधी सुशोभीकरण कक्षात जातो, मग ते सांगतील."

कक्षात खिडकीवर एक बाई होत्या. वर न बघता, "मागणी की तक्रार?"

"दोन्ही नाही. आम्हाला काही नकोय."

"काय नकोय?"

"काही. आमच्यासाठी काही करू नका, असा अर्ज आहे."

आता त्यांनी वर बघितलं. "अहो, इथे हवं असणाऱ्यांची खिडकी आहे. नको असणाऱ्यांची नाही."

"मग ती कुठे आहे?"

"अजून कुणी आलंच नव्हतं हो!"

शेवटी त्यांनीच बिचाऱ्यांनी रविराज साहेबांकडे आत सोडलं. साहेबांनी चहा मागवला, दार लोटलं, आवाज खाली आणला... आणि तुम्हाला सांगतो, माणूस वाईट नव्हता हो! तोही अडकलेलाच! म्हणाला, "तुमचं पटतंय मला. पण निधी आलाय. काम दिवाळीआधी सुरू झालं नाही तर तो परत जातो."

"जाऊ दे की परत!"

"मग पुढच्या वर्षी मिळत नाही."

"तेच तर म्हणतोय मी!"

"श्यामसुंदरजी, निधी परत पाठवणाऱ्या अधिकाऱ्याकडे वर कसं बघतात माहितीये? जेवणाच्या पंगतीत भरलं ताट ठेवून उठणाऱ्याकडे बघतात तसं!"

"पण ताट कुणाचं, साहेब? आमच्या घरातनं उचललेल्या पिठाच्या पोळ्या करायच्या, त्या आम्हालाच वाढायच्या, आणि आम्ही पोट भरलंय म्हटलं की नरड्यात कोंबायच्या? अहो, ते पीठ आमच्याच डब्यात राहू दे ना! आम्ही आमचं लाटू, आमचं भाजू! तुम्ही फक्त वाटेतून जरा बाजूला व्हा!"

एवढं लांब वाक्य श्यामसुंदर लग्नानंतर प्रथमच बोलले. बोलून दमले, चहा प्यायले आणि घरी आले. हेमाताईंनी चेहरा बघितला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. रात्री जेवताना म्हणाले, "मोबाइलवाल्याचा नंबर आहे ना गं आपल्याकडे?" हेमाताई ताक वाढता वाढता थांबल्या. "आहे," म्हणाल्या, "पण माझा फोन उद्या मोकळा नाहीये. मला बऱ्याच जणींशी बोलायचंय."

आणि बोलल्या! सकाळी अकराच्या सुमाराला मच्छिंद्र आला. मच्छिंद्र म्हणजे कंत्राटदार, महापालिकेच्या हद्दीत नुकत्याच आलेल्या गावातला, गळ्यात साखळी, मागे जेसीबी. जेसीबी गल्लीच्या तोंडाशी आला आणि तिथेच थांबला. का? तर समोर रांग! मोर्चा नाही, घोषणा नाही, फलक नाही... नुसते डबे! पितळी, स्टीलचे, प्लॅस्टिकचे, एक तर बाळाच्या दुधाच्या पावडरीचा, आणि डब्यांच्या मागे बायका. सतरंज्या टाकून बसलेल्या! कोण लसूण सोलतंय, कोण स्वेटर विणतंय. रांगेच्या शेवटी, जेसीबीच्या अगदी समोर, आमच्या चंद्रभागाबाई, वय विचारायची सोय नाही, मांडीवर डबा.

"मावशी, बाजूला व्हा की, काम सुरू करायचंय."

"माझा नंबर आहे," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "उठले तर जाईल."

"किती वेळ लागंल?"

"ते माझ्या पुढच्या डब्यात काय आहे त्यावर आहे. बाजरी असली तर मी थांबणार."

मच्छिंद्र डोकं खाजवत आत आला, डबे ओलांडत, उंबऱ्यावर टेकला. गिरणी धडधडतेय, श्यामसुंदर घामाने निथळतायत, हेमाताई पिठाच्या पिशव्या बांधतायत. तो भाजणीचा वास त्याच्या नाकात गेला आणि गडी विरघळला. म्हणाला, "वैनी, ही तीच भाजणी हाय का? आमची प्रेमला म्हणती, आणली तर कसब्यातलीच आणा, न्हाईतर यंदा चकली करत न्हाई."

"तीच."

"मंग मला द्या की."

"रांगेत या," हेमाताई म्हणाल्या.

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण गेला! जेसीबीतून रिकामा डबा काढला, धुऊन पुसून चंद्रभागाबाईंच्या ओळीत मागे ठेवला आणि बसला. तेवढ्यात रविराज साहेबांचा फोन. आम्ही सगळे ऐकतोय. "व्हय साहेब, साईटवरच हाय... न्हाई साहेब, सुरू न्हाई झालं... अडथळा हाय... काय सांगू, भाजणी हाय! ...ओढून काढा? साहेब, माझी बायको जेवायला घालायची बंद करंल! आमचं काय, सांगितलं तर खोदतो, न्हाई सांगितलं तर बसतो. आज बसलोय."

तर रांग काही तुटेना. एकीचा डबा दळून झाला की दुसरीचा येऊन ठेवलेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी रांगेतल्या बायकांना समोरच्याने चहा विकला, कोपऱ्यावरच्याने फुटाणे विकले, वाणी म्हणाला मला इतकी उडीद डाळ आयुष्यात खपलेली आठवत नाही! म्हणजे गल्लीची आर्थिक उभारी झाली की नाही? झाली ना? आणि सरकारने काय केलं? काही नाही! काही केलं नाही म्हणूनच झाली! श्यामसुंदर दर संध्याकाळी दारात उभे राहून मिशीवरचं पीठ झटकत म्हणायचे, "बघा, मी म्हणत होतो. आमच्यासाठी काही करू नका!"

दिवाळी आली. निधी परत गेला. हेमाताईंनी मोबाइलवाल्याचा नंबर फोनमधून पुसून टाकला, आणि तो पुसताना त्या इतक्या गोड हसल्या, की श्यामसुंदरांनी भर दुपारी गिरणी बंद करून त्यांना विचारलं, "काय गं?" त्या म्हणाल्या, "काही नाही. तुमच्या नाकावर पीठ आहे." गोष्ट इथे संपायला हवी होती की नाही? कुठल्याही सुखी देशात संपली असती!

पण निधी परत पाठवणारी पहिली गल्ली म्हणून आमचं नाव वर कळलं. लगेच विजयमालाताई आल्या. ताई म्हणजे आमच्या भागातल्या पुढारी. जिथे माइक तिथे ताई. म्हणाल्या, "सरकारने हात आखडला की बाजार हातपाय पसरतो, हे या गल्लीने जगाला दाखवलं! अशा काटकसरी नागरिकांचा सत्कार झालाच पाहिजे!" श्यामसुंदर म्हणाले, "ताई, नको हो..." ताई म्हणाल्या, "तुमचा हा विनयच मला आवडतो!" झालं! मांडव आला. बरोब्बर गिरणीच्या दारात! गिरणी दिवसभर बंद, दोन्ही बाजूंनी कर्णे, श्यामसुंदर स्टेजवर शालीत गुंडाळलेले, हातात नारळ... आणि समोर पहिल्या रांगेत चंद्रभागाबाई ओरडतायत, "अहो, माझा अनारशाचा तांदूळ ओला आहे! आंबेल!"

भाषणाच्या शेवटी ताईंनी हात वर केला. "अनावश्यक सरकारी खर्चाला आळा घालण्यासाठी, मला सांगायला आनंद होतो, की आजपासून एक स्वतंत्र काटकसर कक्ष स्थापन होत आहे! वेगळी इमारत, वेगळी गाडी, पुरेसा कर्मचारीवर्ग!" टाळ्या! आणि टाळ्यांत उठून उभे राहिले कोण? तर कक्षाचे नवे प्रमुख, बढती मिळालेले, रविराज साहेब! गोड हसत श्यामसुंदरांपाशी आले, म्हणाले, "सोमवारपासून आमची माणसं येतील. गल्लीत सरकारचं काय काय जास्त झालंय ते मोजायला. तीन-चार महिने धरा ना."

हेमाताईंनी खालून नवऱ्याकडे बघितलं. खुणेनेच विचारलं, आता?

श्यामसुंदरांनी शाल सारखी केली, नारळ या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाले, "आता काय! सरकार कमी करायचं म्हटलं तरी त्याला आधी थोडं जास्तीचं सरकार लागतं... तू चहा टाक. मोजायला येणाऱ्यांनासुद्धा लागेलच."