वामनरावांच्या गाडीचं कोटिंग

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. माणसाला काय चिकटावं, आणि काय चिकटू नये? हं? चिखल चिकटू नये, खरं. मग माया? लगेच माना डोलवू नका, आधी आख्यान ऐका!

तर कराडात वामनराव कुलथे नावाचा गृहस्थ. पोस्टात नोकरी, वय बावन्न, आणि आयुष्यातली पहिली गाडी घेतलेली. लालभडक! बॉनेटमध्ये तोंड बघून भांग पाडावा, अशी चकचकीत. पण गाडी आली आणि झोप गेली. रंगाला काही झालं तर?

झालं, चौकशी सुरू! कोण म्हणे वॅक्स लावा. कोण म्हणे, छे, वॅक्स दोन महिन्यांत उडतं, वर पारदर्शक फिल्म चढवा. शेजारचा जुना ड्रायव्हर म्हणे, "रॉकेलचा बोळा फिरवा की राव!" वामनराव तीन रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघत बसले. बायको सुलभाताई म्हणाल्या, "अहो, माझ्यासाठी स्थळं आली होती तेव्हासुद्धा माझ्या बापानं एवढी चौकशी केली नव्हती!" — पेटीवाले, हसू नका, तुमच्याही घरचं ठाऊक आहे मला!

शेवटी ठरलं, सिरॅमिक कोटिंग! दुकानदारानं लावलं, आणि दुकानातल्या आधीच कोटिंग झालेल्या गाडीवर मग्गाभर पाणी ओतून दाखवलं. पाण्याचे मोती झाले आणि टपाटपा खाली! "बघा साहेब, काही म्हणजे काही चिकटणार नाही. फक्त सात दिवस पाणी नको, धूळ नको, साधं फडकं नको."

सात दिवस! आणि तिसऱ्या दिवशी भाऊबीज!

आता इथं खरी मेख. वामनरावांची थोरली बहीण गोदाक्का, खडकेवाडीला दिलेली. आई गेली तेव्हा वामन दीड वर्षाचा. गोदाक्कानं कडेवर घेऊन वाढवला. तिला यांनी शब्द दिलेला — अक्का, भाऊबीजेला गाडी घेऊन येतो, तुझ्या हातनं पूजा. आणि खडकेवाडीचा रस्ता कसा? निम्मा फुफाटा, निम्मा ओढा!

वामनरावांनी काय केलं असेल? गाडी चादरीखाली झाकली, आणि स्वारी एसटीनं निघाली!

खडकेवाडीला उतरतात तो काय — दारात गाडीएवढी रांगोळी! बायका जमलेल्या, हार, नारळ, चाकाखाली ठेवायची लिंबं. गोदाक्का नवं लुगडं नेसून उभी. एकजण म्हणाली, "अगं बाई, भाऊ तर चालतच आला की!"

"अक्का, कोटिंग केलंय गं. सात दिवस बाहेर काढायची नाही. पण झालं की मग काही चिकटणार नाही बघ तिला!"

अक्का रागावली नाही हो. रागावली असती तर बरं झालं असतं! तिनं हार गुंडाळून फडताळात ठेवला. म्हणाली, "बरं केलंस. पण मग माझ्या हातचं कुंकू तरी चिकटेल का रे तिला?"

वामनराव ओवाळून घ्यायला बसले होते, ते पाटावरनं ताडकन उठले. "अक्का, ताट झाकून ठेव!"

मिळेल त्या एसटीनं कराड! चादर फेकली, किल्ली फिरवली, सुलभाताई दारातनं ओरडतायत, "अहो, सात दिवस!" "खड्ड्यात गेले सात दिवस!" फुफाट्यातनं भुर्र, ओढ्यातनं फस्सकन! दिवस मावळायच्या आत गाडी रांगोळीवर हजर. लाल गेली होती, पिवळी आली!

अक्का पुढं झाली. धूळ दिसली, तशी तिनं पदरानंच बॉनेट खसाखसा पुसलं. साधं फडकं नको म्हणाला होता ना दुकानदार? आणि हातातली काचेची बांगडी — खर्रर्र! वामनरावांनी डोळे गच्च मिटले.

अक्कानं ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मंडळी, त्याचे झाले मोती आणि ओघळले खाली! पुन्हा काढलं, पुन्हा खाली! बायकांनी तोंडाला पदर लावला. आणि गोदाक्का? खदखदून हसली! "मेल्या, तुझ्यासारखीच आहे रे ही! न्हाऊ घालताना तूही असाच हातातनं सुळकन निसटायचास!"

वामनरावांनी तिचा भरला हात धरला आणि अंगठा आपल्या कपाळावर दाबला. तिथं बरोब्बर चिकटलं! मग अक्काला पुढच्या सीटवर बसवून गावाला तीन फेऱ्या मारल्या. हॉर्न वाजवायचं काम अक्काकडे होतं.

पुढं दुकानदार म्हणाला, "अरेरे, ओरखडा! पॉलिश करून घालवतो." वामनराव म्हणाले, "खबरदार! सगळ्या गाडीत तेवढीच जागा माझ्या अक्काची आहे."

कळलं का? हसलात, छान केलंत. पण तुमचं काय हो? वर्षानुवर्षं या मंडपात बसता. मी घसा बसेस्तोवर ओततोय, आणि तुमच्यावरनं मोती होऊन टपाटपा खाली! कुठल्या दुकानातनं कोटिंग केलंय? तुमचीही कुणी गोदाक्का दारात रांगोळी काढून बसलीच असेल. तिच्याकडं जा. आणि येताना चकचकीत येऊ नका बाबांनो, एक तरी ओरखडा घेऊन या!