आंब्याच्या पायांचं बाक

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. दुकानात वस्तू हातात घेतली की आपण काय विचारतो? "टिकेल ना हो?" ताईंनी मान हलवली बघा! साधी बादली घेतानासुद्धा आपण हे विचारतो. पण तीच वस्तू घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी घ्यायची असली, की मनात कोणता प्रश्न येतो? आत्ता सांगू नका. आधी ऐका.

खाडीकाठच्या एका गावात धाकू मेस्त्री नावाचे सुतार होते. गावातली झाडून सगळी दारं त्यांच्या हातची. मुलगा बाबली, तोही सुतारच. त्यानं कामाच्या खोलीत यंत्रं आणली, भुसा उडायला लागला आणि म्हाताऱ्याला खोकला जडला. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत राहा. आता हा म्हातारा नुसता बसून राहतोय होय? दिवसातून एकदा रंधा मारल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे!

मुलाला म्हणाले, "बाबल्या, माका अंगणात कामाचा बाक करून दी, उभ्यान रंधो मारूक. पाय किंजळीचे घाल, फळी सागाची. लोखंडाचे खिळे नको, खाडीचो वारो खाता तेंका. पितळेचे स्क्रू घे. आणि पायांखाली चिरे ठेव."

उघड्यावर, पावसात उभं राहायचंय, तर ते कशाचं हवं, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. किंजळ, म्हणजे पावसापाण्यात न कुजणारं लाकूड, घरात होती. सागही होता. पण तो माल बाबलीनं एका हॉटेलच्या कामासाठी राखून ठेवलेला! त्यानं मनातल्या मनात हिशेब केला — आबा असं अजून किती काम करणार? झालं! आंब्याचे पाय, आंब्याची फळी, लोखंडी खिळे आणि वरून चकचकीत ऑइलपेंट.

अहो, आंब्याचं लाकूड आपण कशाला वापरतो? खोक्यांना. आणि दुसरं कशाला, ते स्मशानात जाऊन आलेल्यांना माहीत आहे. पेटीवाले, थांबा जरा. इथं सूर नको.

म्हाताऱ्यानं फळीच्या खालून हात फिरवला. तिथं रंग पोचला नव्हता.

"आंब्याचा?"

"हो आबा. रंग लावलंय मा. दोन पावसाळे काय होऊचा नाय."

"बरां," आबा म्हणाले.

भांडले असते तर बरं झालं असतं, मंडळी! जन्मभर लाकडाचं आयुष्य ओळखत आलेला माणूस तो. मुलानं आपलं आयुष्य अजून किती धरलंय, ते त्यांना त्या क्षणी कळलं. वाईट वाटलं, आणि ते त्यांनी गिळलं.

पहिल्या पावसात पाय काळे पडले. दुसऱ्यात खिळ्यांभोवती लाकूड भुसभुशीत झालं, फळी डुलायला लागली. खोकला तोवर कधीच थांबला होता, तब्येत ठणठणीत होती. पण गणपती झाल्यावर आबांनी पटाशी, रंधा, करवत, एकेक करून सगळी हत्यारं गावातल्या सुतारांना देऊन टाकली. शेजारीण म्हणाली, "मेस्त्रीनू, ह्यां कित्याक?"

"बाबलीन दिलेली मुदत सरली गो."

तिनं ते बाबलीला सांगितलं. बाबली भिंतीला टेकून रडला. मग हॉटेलचं काम बाजूला ठेवून त्यानं नवं बाक केलं. किंजळीचे पाय, सागाची फळी, पितळेचे स्क्रू, खाली चिरे. आबांना हाताला धरून अंगणात आणलं. आबांनी एकेक सांधा चाचपून बघितला.

"बरां केलंस. चाळीस वर्षां हलूचा नाय."

"मगे धरा काम, आबा. नवी हत्यारां आणून दितंय तुमका."

म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. टोमणा नव्हता हो, माया होती. म्हणाले, "माका नको रे आता. तुझ्या म्हातारपणाक ठेव."

धाकू मेस्त्री त्यानंतरही बरीच वर्षं जगले. त्या बाकाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

आता घरी जाल. आईच्या चपला उलट्या करून बघा. बापाची गादी दाबून बघा. त्या घेताना मनात किती वर्षं धरली होतीत, ते आठवा. त्यांना काही विचारू नका. त्यांना ते कधीच कळलेलं आहे.