पेनाची स्प्रिंग

नाय, नाय पाव्हणं, बोनेट कशाला उघडता, बोनेटात काय नाय — तुम्ही फक्त जीपच्या मागं जाऊन उभं ऱ्हावा आन् उजवा इंडिकेटर लागतो का तेवढं सांगा. दांडी उजवीकडं केली. लागला? अहो बोला की, नुसती मान हलवली तर मला हितनं कसं दिसंल! हं. आन् आता? गेला ना? मी काय केलं, दांडीला नुसतं बोट लावलं. बरं. डावा बघू. डावा चालू हाय? एकसारखा? ऱ्हावा तिथंच.

लई दिवसांनी मागं उभं राहून कोणी बोलतंय. एरवी मी आरशावरच भागवतो — तो काय, भिंतीला टेकवलाय. न्हाव्याच्या दुकानातला हाय, कोपरा फुटला म्हणून त्यानं दिला. शिटावर बसून मागचा दिवा दिसतो त्यात. एकटा माणूस म्होरं-मागं किती पळंल? ब्रेकचा दिवा बघायचा असला की पेडलवर वीट ठेवायची. वीट काम चांगलं करती, बोलत नाय तेवढंच. पाटीवर? व्हय, पाटीवर दोन नावं हायत. बद्री-कडूबा ऑटो इलेक्ट्रिक. मी बद्री — बद्रीनाथ. कडूबा भागीदार होता. पाटी बदलायची राहिली. आज करू, उद्या करू.

आता घाई न करता बघू. डावा बरोबर चालतो, म्हणजे फ्यूज चांगला आन् दिव्याची उघडझाप करणारा फ्लॅशर बी चांगला, दोघांचं पाणी एकाच विहिरीचं. उजवीकडचा म्होरला आन् मागचा दिवा एकदमच जातो, म्हणजे बल्बचा दोष नाय. दोन बल्ब ठरवून मरत नायत. मग उरली वायर, नायतर स्विच. आधी वायर बघू. ती वही द्या जरा, त्या डब्यावरची. सातवी पास हाय मी, पण पंच्याऐंशी सालापासून रोज लिहितो — गाडी, नंबर, काय बिघडलं, कसं सापडलं. एक नियम पाळला, डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं, अंदाज लिहायचा नाय. माझी बायको, सारजाबाई, म्हणायची — ह्यांना लग्नात मी कुठलं लुगडं नेसले ते आठवत नाय, पण कुठल्या गाडीची कुठली वायर पिवळी ते झोपेत सांगतील. ती गेल्याला चार वर्षं झाली. त्या दिवशीचं बी लिहिलंय. ‘दुकान बंद.’ कारणासाठी जागा सोडली होती, ती तशीच हाय.

काय म्हणालात? वायर बघू नको, स्विचच उघडू? तुम्हाला कोणी सांगितलं? कन्नडच्या मेकॅनिकनं — अस्सं. त्यानं हत्यार बी लावलं नाय? खाली वाकून बघितलं, हसला, आन् म्हणाला, औरंगाबादला घेऊन जा, ज्यानं हा स्विच बसवला त्यालाच उघडायला सांग. बरं. बरं. सगळ्या शहरात नेमकं माझंच दुकान सांगितलं त्यानं? पाव्हणं, एक विचारू — डाव्या हातानं काम करतो का हो तो?

हं.

नाय, बसा तुम्ही. त्या स्टुलावर बसा. मी वायरच बघतो आधी. पद्धत ती पद्धत. हा बघा जॉइंट — टेप, आन् टेपवर दोऱ्याचे वेढे. वेढे उलटे हायत, दिसतंय? डावखुऱ्याचा हात. टेस्ट लॅम्प लावला. ओढतो. हलवतो. लॅम्प जळतोच हाय. या, तुम्ही बी ओढून बघा, जोर लावा. सोळा वर्षं झाली ह्या सांध्याला आन् केसभर हलत नाय. मला कसं ठाऊक, सोळा? ही जीप फुलंब्रीच्या तात्यासाहेबांची होती. तव्हा पांढरी होती, आता निळी केलीय, म्हणून सकाळी ओळखली नाय मी — खोटं कशाला बोलू, नंबर बघितला तव्हाच ओळखली. तुम्ही ब्रेक मारायच्या आत ओळखली.

एक्क्याण्णव साल. तात्यासाहेबांचा ड्रायव्हर फकिरा — चांगला माणूस, गाडी अशी चालवायचा की मांडीवरचा चहा सांडायचा नाय. चौका गावाच्या पुढं शेताच्या रस्त्याला उजवीकडं वळला आन् मागनं ट्रकनं घातली. हात गेला त्याचा. म्हणजे ऱ्हायला, पण कोपरात कायमचा ताठ झाला, घास बी डाव्या हातानं खायचा. फकिरा म्हणत होता, मी इंडिकेटर दिला होता. ट्रकवाला म्हणत होता, दिवा लागलाच नाय. दोघं बी खरं बोलत होते. पण तात्यासाहेब जीप ओढून हितं घेऊन आले, संगं धा-बारा माणसं, आन् म्हणाले, वायरिंग तुमचं हाय, चूक कोणाची ते आत्ता सांगा. मी खाली वाकलो. हाच जॉइंट, ह्याच चिमटीत धरला, आन् सगळ्यांच्या म्होरं म्हणालो — हा ढिला हाय. कडूबाचा.

ओरडला नाय तो. भांडला बी नाय. एवढंच म्हणाला, बद्री, स्विच उघड. मी म्हणालो, उघडून काय बघायचं, माझं काम मला माहीत हाय. तो परत म्हणाला, स्विच उघड. तिसऱ्यांदा म्हणाला नाय. महिन्याभरात पान्हे गोणीत भरले आन् कन्नडची यष्टी धरली. गिऱ्हाईकच त्याच्या हाताला नको म्हणू लागलं होतं, काय करंल? तात्यासाहेबांनी जीप विकून टाकली. मला वाटलं, गेलं. गाडीबरोबर स्विच बी गेला.

मधी मालक किती झाले ते देव जाणे, पण कोणी दुरुस्त केला नाय, सगळे हात बाहेर काढून वळत राहिले. तुम्ही बी सकाळी तसंच आलात, खांद्यापर्यंत हात बाहेर. 

उघडतो. उघडतो म्हणालो ना. पट्टीचे दोन स्क्रू सोडले की अख्खा स्विच हातात येतो, मोठं काम नाय. सोळा वर्षांत मोठं काम कधीच नव्हतं. उजेडाकडं या. धूळ बघा. ही पितळी पट्टी घासलीय, कंपनीचा मालच असा हलका यायचा तव्हा, त्याला कोण काय — नाय. पट्टी चांगली हाय. खालची स्प्रिंग बघा. डावीकडची जाड, काळी, ती कंपनीची. उजवीकडची बारीक, पांढरी. लिहायच्या पेनातली हाय ती. खटका दाबायचा पेन असतो ना, त्यातली. मूळची तुटली होती, नवा स्विच मुंबईहून यायला आठ दिवस लागणार होते, तात्यासाहेबांना दुसऱ्या दिवशी लग्नाला निघायचं होतं. मी खिशातला पेन उघडला. वही लिहायचा पेन. चार दिवस चालंल म्हणून बसवली आन् विसरलो, जीप ओढून आणली तव्हाच आठवली. पेनाची स्प्रिंग मऊ असती, उन्हात आन् खड्ड्यात दम सोडती, पट्टी उचलती, दिवा जातो. स्प्रिंग बसवली त्या दिवशी कडूबा दुकानात नव्हता, तुळजापूरला गेला होता. त्याला स्प्रिंग ठाऊक नव्हती. स्वतःचा जॉइंट ठाऊक होता, म्हणून स्विच उघड म्हणाला.

एक्क्याण्णवच्या वहीत काय लिहिलंय? ती काढा फळीवरनं. वाचा तुम्हीच, चष्मा नाय माझ्याकडं. ‘उजवा इंडिकेटर, जॉइंट ढिला, कडूबा.’ अक्षर किती सुरेख काढलंय, बघा. बावीस वह्या झाल्या माझ्या. न बघता लिहिलेली ओळ ही एकच. नाय — बघूनच लिहिली. बघून खोटी लिहिली.

बसला नवा स्विच. उठा, परत मागं उभं ऱ्हावा. बोला. लागला? मी दांडी हलवतोय, दरवाजा आपटतोय, लागला हाय? अजून? अजून बोला की. कडूबा असाच तिथनं गाणं म्हटल्यासारखं ओरडायचा — हाय, हाय, हाय, हाय — शेजारचा टायरवाला वैतागायचा. पुरे. झालं. या म्होरं.

जुना स्विच असाच, उघडाच, कागदात बांधून देतो. स्प्रिंग पडू देऊ नका. तुम्ही रोज त्याच्या दुकानापुढनंच जाता ना? त्याला द्या. काय सांगायचं? काय सांगायचं… एवढंच सांगा, बद्रीनं स्विच उघडला. पण पाव्हणं, तो एकटा असला तर देऊ नका. चहा मागवा, थांबा, चार गिऱ्हाइकं जमू द्या, मग सगळ्यांच्या म्होरं मोठ्यानं सांगा. धा-बारा माणसं होती तव्हा. तितकी नाय जमली तर चार तरी असू द्या.

मी? तुमच्या संगं, आत्ता? शीट मोकळं हाय ते दिसतंय मला.

दुकान उघडं हाय पाव्हणं. आरसा आत घ्यायचाय, वीट उचलायचीय. निघा तुम्ही, ऊन वाढतंय. आन् कोपऱ्यावर उजवीकडं वळताना हात आत ठेवा. आत ठेवा म्हणतो ना. मी बघतोय हितनं.