ताली बांधतानाचा फोटो

वेंकोबा : हा अर्धा काळा कां? माझा मेव्हणा राममूर्ती यांत अर्धाच आहे.

मकरंद : फ्लॅशमुळे, मामा. शटर फार वेगानं ठेवलं की फ्लॅशचा उजेड अर्ध्याच फिल्मवर पडतो. आज प्रिंट आणायला गेलो तेव्हा स्टुडिओवाल्यानं सांगितलं.

वेंकोबा : आज सांगिटलें! कार्य गेल्या गुरुवारीं झालें.

मकरंद : माहितीय हो.

वेंकोबा : त्याच स्टुडिओवाल्याला मी बोलावणार होतों. मांबलम स्टेशनाजवळचा, चांगला माणूस. कोण बोलला, ‘मामा, तो कशाला, मी शिकतोय ना’?

चंद्रिका : मी हो म्हटलें त्याला. वरच्या मजल्यावरचा मुलगा, श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांतून बसनें थकून येतो आणि गच्चीवर कावळ्यांचे फोटो काढत उभा राहतो. म्हटलें, कावळे पुरे, माणसें काढ. तें राहूं दे आतां. तालीचा कुठें आहे?

मकरंद : मामी, हा बघा, नादस्वरमवाला. गाल कसले फुगलेत! हा एकदम शार्प आलाय.

चंद्रिका : छान आहे. तालीचा दाखव.

मकरंद : आणि हे पंगतीतले. राणोजीमामांच्या टकलावर उजेड बघा कसा...

चंद्रिका : मकरंद.

मकरंद : तो मंगळसूत्राचा नाहीये, मामी.

वेंकोबा : नाही म्हणजे? धुतांना खराब झाला?

मकरंद : काढलाच नाही.

वेंकोबा : अय्यो! साठ वर्षें पुरीं झालीं म्हणून माणूस बायकोशीं पुन्हा लग्न लावितो, तिच्या गळ्यांत पुन्हा ताली बांधितो. आणि हा तेवढें सोडून टकलें काढितो!

मकरंद : ऐकून तरी घ्या. मी तयार होतो. फोकस लावला होता, श्वास रोखून धरला होता. तेवढ्यात भटजी ओरडले आणि नादस्वरम, तविल, सगळं एकदम जोरात सुरू झालं. माणसं उभी राहिली. कुणीतरी आधीच माझ्या मुठीत अक्षता कोंबल्या होत्या. आमच्या साताऱ्याला लग्नात वाजंत्री कडाडली की हात आपोआप वर जातो हो! लहानपणापासूनची सवय. मी कॅमेरा सोडला. तो गळ्यात लोंबकळतोय आणि मी आपला अक्षता टाकतोय. भानावर आलो तोवर तुम्ही दोघं नमस्काराला वाकला होता.

वेंकोबा : फोटो काढायला उभा केलेला माणूस अक्षता टाकीत होता!

मकरंद : घाला शिव्या. माझाच मला इतका संताप आलाय की गुरुवारपासून धड जेवलो नाही.

चंद्रिका : मला तो एकच पाहिजे होता.

मकरंद : माहितीय, मामी.

चंद्रिका : नाही, तुला माहीत नाही. पहिल्या लग्नांत मी सोळा वर्षांची होतें. मान खाली. यांचे पाय तेवढे दिसले. या खेपेला पण वाध्यार, म्हणजे भटजी, म्हणाले, ‘अम्मा, मान खाली.’ हे ताली बांधतात तेव्हां यांचें तोंड कसें असतें, मी अजून पाहिलें नाही. म्हटलें, फोटोंत तरी बघेन.

वेंकोबा : तोंडांत काय बघायचें? रोजचेंच तोंड.

मकरंद : मामी, परत करू या का? आत्ता. नवा रोल आणलाय. तुम्ही पाटावर बसा, मामा परत बांधतील...

चंद्रिका : बांधायची म्हणजे आधीं काढायला पाहिजे.

मकरंद : दोनच मिनिटं, लगेच परत...

वेंकोबा : एय! तोंड आवर.

मकरंद : चुकलं. चुकलं माझं. मग काढू नका, मामा नुसते हात मानेमागे धरतील.

चंद्रिका : त्यांत यांचें फोटो काढून घेतांनाचें तोंड येईल, बा. तसलीं माझ्याकडे ढीगभर आहेत.

मकरंद : विकून टाकतो हा कॅमेरा. पुस्तकं वाचली, उजेड मोजायला शिकलो, दर रविवारी मरीनाच्या वाळूत भाजून घेतलं. कारखान्यात माझ्या हातून एक बोल्ट कधी वाकडा बसत नाही. आणि इथे, जेव्हा खरी वेळ आली तेव्हा... नाही जमणार मला.

वेंकोबा : विकूं नको. परंतु कोणाच्या कार्याला नेऊं नको.

चंद्रिका : तुम्ही थांबा हो. मकरंद, अक्षता टाकतांना तूं कुठें बघत होतास?

मकरंद : तुमच्याकडेच.

चंद्रिका : मग सांग. यांचें तोंड कसें होतें?

मकरंद : आधी नीट नाही दिसलं. मामा वाकले होते, आणि अंबुजाअक्कांशी त्यांची झटापट चालली होती.

चंद्रिका : माझ्या नणंदेशीं? कसली झटापट?

मकरंद : अक्का गाठ मारायला पुढे आल्या. मामांनी कोपरानं त्यांना बाजूला सारलं. त्या परत आल्या, परत सारलं. आणि तिन्ही गाठी स्वतःच मारल्या. खालचा ओठ दातात धरून. आमच्याकडे नवा माणूस पहिल्या दिवशी कामाला लागतो ना, तसा चेहरा. तो फोटो मिळाला असता तर...!

वेंकोबा : याला तेवढें बरें दिसलें.

चंद्रिका : अहो, पहिली गाठ नवऱ्याची, पुढच्या दोन नणंदेच्या. अशी रीत आहे आपल्यांत.

वेंकोबा : आहे.

चंद्रिका : मागच्या वेळीं अंबुजानेंच मारल्या होत्या.

वेंकोबा : होय.

चंद्रिका : मग या वेळीं?

वेंकोबा : तिचे हात कापतात आतां. वय झालें तिचें. गाठ सुटली असती.

(चंद्रिका मानेमागे हात नेऊन तालीच्या दोऱ्याची गाठ चाचपते.)

चंद्रिका : काल अंबुजा इथें बसून माझी सुई ओवून गेली. चष्मा न लावतां.