वीतभर वाख

(शेवग्याची शेंग कटकन मोडते.)

उज्वला : आये, मोडू नको गो! उद्या वर्गात दाखवायचीय ती.

रंगूबाई : अर्धी दाखव. अर्धी आमटीत जाईल. तुजी परीक्षा म्हनून नातीनं उपाशी ऱ्हायचं?

उज्वला : परीक्षा नाही, नोकरी आहे. महाडच्या शाळेत नमुन्याचा पाठ घ्यायचा, मुख्याध्यापक मागे बसून बघणार. श्रुतिका, तू विद्यार्थी. ऐक हं. शेंगेतला गर म्हणजे मूल ऊती. पातळ भिंतीच्या पेशी, अन्न साठवतात.

श्रुतिका : आणि आजीच्या अळूचं देठ?

उज्वला : त्याच्या सालीखाली स्थूलकोन ऊती. त्या पेशींचे कोपरे जाड, म्हणून देठ वाऱ्यात वाकतं, पण मोडत नाही.

रंगूबाई : कालेज सोडून नऊ वर्सं झाली. बरं आठवतंय.

उज्वला : कुठलं आठवतंय! भाकऱ्या थापताना घोकलंय. आता तिसऱ्या, दृढ ऊती. त्यांच्यासाठी... आये, बाबांचा दोर देशील?

रंगूबाई : खुंटीवरचा? नाय.

उज्वला : टोकाला वीतभरच सोडवते. पोरांनी नायलॉनच बघितलंय. अंबाडीचा वाख, सालीचे असे धागे, कुठे बघणार?

रंगूबाई : जायच्या आदल्या म्हयन्यात वळलाय ह्यांनी. सुटला तर पुन्ना कोन वळनार?

उज्वला : दुसरं टोक मीच धरायची ना. बाबा वाख लावत मागे मागे जायचे, पार फणसापर्यंत. 'सैल सोडू नको गो!'

रंगूबाई : नि तू सोडायचीस.

उज्वला : एकदाच! पायावर खेकडा चढला होता.

रंगूबाई : वास आठवतो? ओढ्याच्या कोंडीत अंबाडी भिजत घातली का आठ दिस कोन फिरकायचं नाय आपल्याकडं. तुजी आत्या तर नाकाला पदर लावून चा प्यायची.

उज्वला : मऊ पेशी कुजायच्या, त्याचा वास तो. मागे राहायचा तो वाख. जाड भिंतीच्या, मेलेल्या पेशी. झाड जिवंत असतानाच मेलेल्या.

श्रुतिका : मेलेल्या? मग त्या काय काम करतात?

उज्वला : झाडाला उभं धरतात.

रंगूबाई : ...आन तो दोर हिकडं.

उज्वला : राहू दे आये. शेंगेवर भागवते मी.

रंगूबाई : आन म्हनते ना. मीच सोडते, तुज्या नखानं तुटंल. वीतभरच हां. नि नोकरी घिऊनच ये.

श्रुतिका : आई, त्या मेलेल्या पेशींना कळतं का गं, झाड अजून उभं आहे ते?