नानाय पुरिंगचा डबा

फिलिपिन्समधल्या तागबिलारानच्या कोर्टात म्हातारी पुरिंग, साऱ्या गावाची नानाय म्हणजे आई, मांडीवर डबा घेऊन खांबाआडच्या बाकावर बसली होती. तिच्या गावची तिवरं तोडणाऱ्या हॉटेलवाल्याविरुद्ध आज तिची साक्ष होती. खांबापलीकडे तिच्याच वकीलबाईंच्या हाताखाली वकिली शिकणारी दोन पोरं बोलत होती; तिथं अशा शिकाऊंनाही साक्ष घेता येई.

"साक्ष लुआल्हाती घेणार म्हणे! तीन आठवडे चिखल मी तुडवला. तोडलेले बुंधे एकूण एक मी मोजले."

"जळू नकोस, क्रिसांतो."

"जळणारच! ती काय करत होती? म्हातारीच्या ओसरीवर बसून सुकी मासळी चापत होती."

"वकीलबाईंनी म्हातारीलाच विचारलं, आपल्या तिघांपैकी साक्ष कुणी घ्यायची. तिनं लुआल्हातीचं नाव घेतलं."

"म्हणजे आता मासळीवर केस चालायची?"

"तू का नाही खाल्लीस?"

"वास येतो रे. ते जाऊ दे, चल, काहीतरी खाऊ. सकाळपासून पोटात कण नाही."

दोघं खांबाला वळसा घालून आले आणि जागीच थबकले. नानायनं डबा उघडला. भातावर तळलेली सुकी मासळी होती.

"ये बाळा, जेव."

क्रिसांतो कसनुसा हसला.

"नको नानाय, आत्ताच जेवलो."

"बरं." तिनं झाकण लावलं. "लुआल्हाती दिसली तर सांग, जेवायची थांबलेय म्हणावं."