चिरफाड नको म्हननारा मीच होतो

आमी मूळचे उमरेडकडचे. बाप लवकर गेला, मंग मायनं आमा दोघा भावायले घेऊन नागपूर गाठलं. मी देवराव, मोठा, अन् दिलीप माह्याहून सात वर्षांनी लहान. लकडगंजात एका आरा मशीनवर मी आधी लागलो, मंग त्यालेही मीच लावून देल्लं. काय सांगू ताई तुमाले, त्याले तिथं हाताले धरून नेनारा मीच.

लाकडाच्या गोलायची थप्पी घरंगळू नये म्हनून खाली ओट लावतात, लाकडाचाच ठोकळा असतो तो. त्या दिवशी दुपारी माल आला, शेठ म्हने लवकर उतरवा, थप्पी उंच रचली, अन् ओट निसटला. दिलीप खाली होता. मी आठ-दहा हातावर उभा, सारं ह्या डोळ्यानं पाहिलं. दवाखान्यात नेता नेता गाडीतच गेला तो, माह्या मांडीवर.

शेठ गाडीत संगच होता, माह्या कानाशी आला, म्हने देवराव, सरकारी दवाखान्यात नेलं त चिरफाड होईन, पोलीस येईन, मशीन बंद पडन, अन् तुले काय भावाचं अंग फाडून घ्यायचं आहे का. खोटं काहून सांगू, मले ते पाहवलंच नसतं. घरी आनला. लोकं विचारे, काहून नाई नेलं गा, त मी सांगे, माय नाई म्हनते. मायनं काईच म्हनलं नोतं, ती त दातखीळ बसून पडली होती. शेठच्या ओळखीच्या डॉक्टरनं चिठ्ठी देल्ली, हार्ट अटॅक, स्मशानघाटावरच्या रजिस्टरात तेच लिहिलं अन् खाली सही मी केली. दिवस बुडायच्या आत सारं उरकलं.

तेरवी झाली अन् शेठनं हात वर केले. वर्षश्राद्धानंतर दिलीपच्या बायकोले, रंजनाले, कोनीतरी सांगितलं का कामावर मानूस गेला त घरच्यायले भरपाई मागता येते. मी तिले घेऊन सीताबर्डीले वकीलबाईकडे गेलो. बाई म्हने, कामावर असताना अन् कामापायीच गेला एवढं दाखवा लागन, बायको, लहान लेकरं अन् विधवा माय मागू शकते, पन दोन वर्षांच्या आत. मी म्हनलं, मोठा भाऊ? म्हने, तुमचं नाव त्यात बसत नाई. मंग म्हने पोस्टमार्टमचा कागद कुठं आहे. मी म्हनलं, केलंच नाई. बाई म्हने, अवघड आहे, पन दावा बुडाला असं नाई, कोनी डोळ्यानं पाहिलं का, तो साक्ष देईन का.

पंधरा दिवस मी साक्ष द्याले पुढं आलो नाई. मंग एक दिवस रंजना मले म्हने, भाऊजी, त्या दिवशी मायनं अडवलं नसतं त आज कागद असता, लेकरायच्या तोंडचा घास गेला नसता. माय तिथंच तांदूळ निवडत होती. तिनं एकदा माह्याकडे पाहिलं अन् पुन्हा खडे वेचाले लागली. ताई, वर्षभर ती बाई सुनेचा अबोला सोसून राहिली होती, लेकाचं खोटं पदराखाली झाकून राहिली होती, अन् मले वाटे तिले काई माहीतच नाई. मी म्हनलं, रंजना वं, माय नाई, मी म्हनलं होतं. रंजना उठून अंदर गेली. तवापासून मायच्या पानात ती आधी वाढते, माह्याशी बोलत नाई. तिचं चुकत नाई.

दावा मुदतीत लागला. शेठनं मले काढलं, आता हुडकेश्वरले एका बिल्डिंगवर चौकीदारी करून राहिलो. सोमवारी माही साक्ष आहे. शेठचा वकील विचारन, घाटावरची सही कोनाची, तवा खोटं बोलले का आता बोलून राहिले. मी सांगन, तवा. पुढं काय होईन ते होवो, सजा झाली तरी ती माहीच आहे.

काल मायच्या पाया पडलो. तिनं डोक्यावर हात ठेवला, म्हने, जाय बाबू, नीट सांग. पन आता माहं नाव नको घेऊ गा.